गोदीला राणीची मुलगी मी केलं

मंगल, तुझी वही माझ्याकडेच आहे. ती तू विसरली होतीस की मुद्दाम मागत नव्हतीस, हे आता मला कधीच कळायचं नाही. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, वर तू स्वतः घातलेलं प्लास्टिकचं कव्हर. त्या कव्हरच्या आत नऊ वर्षं एक पत्र घडी घालून ठेवलेलं आहे. ते तुला दाखवायचं राहिलं. 'राहिलं' हा शब्दसुद्धा माझ्या सोयीचा आहे. मी ते दाखवलं नाही.

तुला जाऊन सव्वा महिना झाला. निलंग्याला शोकसभा झाली. एका साहेबांनी तुझ्या नेमणुका, बदल्या, प्रशिक्षणं असं सगळं एका कागदावरून वाचून दाखवलं. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला सारखं वाटत होतं की तू शेजारून कोपर मारशील आणि म्हणशील, "माय, माझं सर्विस बुक वाचून राहिलेत की गं." मला हसू आलं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर तोंडाला लावला. रडते आहे असं समजून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मग खरंच रडू आलं.

नांदेडला डी.एड.च्या वसतिगृहात आपल्याला एकच खोली मिळाली, तो पहिला दिवस आठवतो. मी धर्माबादची, तू निलंग्याच्या पलीकडची, कर्नाटकाला लागून असलेल्या गावची. तासाभरात तू भिंतीला खिळा ठोकलास, आरसा टांगलास, ट्रंक रिकामी करून खाटेखाली ढकललीस. मी मात्र पुढची दोन वर्षं ट्रंकेतूनच कपडे काढून घातले. "उषे, तू काय उद्या निघून चाललीस काय?" असं तू विचारलंस, तेव्हा मी तुला माझ्या वायरच्या पिशवीचं सांगितलं.

मिरचीच्या आडतीतल्या मुनिमाची मी चौथी मुलगी. घरभर मिरचीचा खकाणा आणि सहा भावंडं. मी दोन दिवस बोलले नाही तरी कुणाच्या ध्यानात यायचं नाही. वाचनालयातून आणलेल्या जादूच्या गोष्टी वाचून माझी खात्री पटली होती की मी या घरात चुकून आले आहे आणि माझी खरी माणसं एक दिवस गाडीने येऊन मला घेऊन जाणार आहेत. म्हणून मी खाटेखाली पिशवी भरून ठेवायची. दोन फ्रॉक, कंगवा आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी. पुडीला मुंग्या लागायच्या म्हणून ती दर आठवड्याला बदलायची. हे ऐकून तू हसून हसून बेजार झालीस. मग म्हणालीस, "तुला कुणीतरी न्यायला यावं वाटायचं. मला कुणी नेऊ नये वाटायचं."

म्हणजे काय, असं मी विचारायला हवं होतं. तुझे आईवडील ऊसतोडीला जायचे हे मला ठाऊक होतं. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परत यायचं, हेही ठाऊक होतं. तरी मी विचारलं नाही. माझ्या पिशवीची गोष्ट अजून संपली नव्हती.

पुढे मी लातूरला लागले, तू तुझ्याच गावाजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. महिन्यातून एकदा तू लातूरला यायचीस, बसस्टँडजवळ आपण चहा प्यायचो, आणि वाचायला नेलेलं पुस्तक परत देताना तुझी तक्रार आधी सुरू व्हायची. "हे बी राजाचंच निघालं की गं लेकरू." पोरकं मूल, छळणारी मामी, मनगटावर कसली तरी खूण, मग एक दार, आणि दारापलीकडे सगळे त्याचीच वाट बघत बसलेले. दोनच प्रकरणं वाचून तू शेवट सांगायचीस आणि तो बरोबर निघायचा, याचा मला राग यायचा.

"ज्या लेकराला खूण न्हाई त्यानं कुठं जायचं?" तू विचारायचीस. "माझ्या वर्गात सव्वीस हायत. एकाच्या बी अंगावर खूण न्हाई. एकीच्या हातावर हाय, ती भाकर करताना भाजल्याली."

मी म्हणायची, अगं, त्या खुणेचा अर्थ राजघराणं असा घेऊ नकोस. ज्या मुलाकडे घरात कुणी वळून बघत नाही त्याला निदान पुस्तकात तरी कुणीतरी म्हणतं की आम्ही तुलाच शोधत होतो. तेवढ्यावर एखादं मूल वर्ष काढतं. मी काढली आहेत. यावर तू मान डोलवायचीस, कारण तुझं मन मोठं होतं, पण बस लागता लागता खिडकीतून म्हणायचीस, "आणि त्या मामीनं रोज भाकर घातली त्याचं काय? लिवणाऱ्यानं तिला एकदा तरी इचारलं का?" आणि गाडी निघून जायची. मंगल, या वादात मी अजूनही माझ्या बाजूनेच आहे. पण तुझी बाजू मी ज्या रीतीने खोडून काढली ती रीत वाद घालण्याची नव्हती.

तुझ्या वर्गातली हजेरी मी पहिल्यांदा ऐकली तो दिवस. पौष महिना होता, सव्वीसपैकी नऊ लेकरं आईबापांबरोबर उसाला गेली होती. जमिनीवर अंथरलेल्या लांब बसकरपट्टीवर तेवढ्या जागा मोकळ्या होत्या आणि कुणीही सरकून त्या भरल्या नव्हत्या. तू गैरहजर मुलीचं नाव घेतलंस की तिच्या शेजारची ओरडायची, "जागा हाय." पुढचं नाव. "जागा हाय." वहीत तू गैरहजरच लिहायचीस, ते फक्त तोंडाने म्हणायचं होतं.

त्यावरून तुझ्यावर आलेलं बालंट तू किती रंगवून सांगायचीस. तपासणीला आलेले एक साहेब दाराबाहेर उभं राहून ऐकत होते आणि त्यांना वाटलं बोगस हजेरी चालली आहे. आत येऊन त्यांनी वही ओढून घेतली. वहीत गैरहजर, आणि लेकरं तर हाय म्हणतात. साहेब हैराण. "मग ही भानगड काय आहे?" तू बोलायच्या आत पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "हजर न्हाई सर, पण जागा हाय." तरी तुझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तू एकाच ओळीचा दिलास, की सदर विद्यार्थिनी परत येणार असल्याने तिची जागा सांभाळण्यात येत आहे. त्याच्यावर पुढे काहीच आलं नाही.

गोदीची गोष्ट त्यातूनच निघाली. रोज थोडी थोडी वर्गात सांगत गेलीस आणि मग या वहीत उतरवलीस. गोदी आईबापाबरोबर उसाच्या फडात जाते. इकडे शाळेत रोज कुणीतरी तिच्या नावाला "जागा हाय" म्हणतं आणि तसं म्हटलं की बसकरपट्टी बोटभर लांब होते. दारातून बाहेर पडते, पांदीतून, पुलावरून, गावं मागे टाकत वाढत जाते आणि एके दिवशी फडात गोदीच्या पायाशी येऊन थांबते. दुपारी आई उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधत असताना गोदी त्या टोकावर बसते आणि तिला वर्गातला पाढा ऐकू येतो. मग जत्रेच्या गडबडीत एक दिवस म्हणायचं सगळेच विसरतात आणि पट्टी सरसर मागे जायला लागते. गोदी धावते. धावताना तिला दिसतं की पट्टीला ठिकठिकाणी दुसरी लेकरं धरून आहेत, वेगवेगळ्या फडांतली, तिच्या ओळखीचीही नाहीत. शेवटी पाडव्याला ती परत येते, तिची जागा तशीच असते. ती बसते. दुसऱ्या दिवशी हजेरीत एका मुलाचं नाव येतं, तो वीटभट्टीवर गेलेला असतो, आणि गोदी म्हणते, जागा हाय. संपली गोष्ट.

ही गोष्ट तू माझ्याकडे विश्वासाने आणलीस. मी तोवर लातुरात वाचनशिबिरांतून बोलायला लागले होते, मुलांच्या पुस्तकांवर दोन-चार ठिकाणी लिहीत होते. मला त्यातलं कळतं असं लोक म्हणायचे, आणि ऐकून ऐकून मलाही ते पटलं होतं. मी लाल पेन घेऊन बसले. जादूला काहीतरी उगम पाहिजे, मी म्हटलं. ही पट्टी गोदीसाठीच का वाढते? गोदीत काही वेगळं पाहिजे.

"येगळं कशाला? तिचं नाव पटावर हाय, बस झालं की."

"असं चालत नाही मंगल. वाचणाऱ्याला प्रश्न पडेल, हीच का?"

"हीच न्हाईच की. कुणीबी. तेच तर सांगून राहिले."

मी तासभर समजावलं. कथानक, संघर्ष, कळस, मला येत होते ते सगळे शब्द वापरले. तू बोटाने वहीचा कोपरा दुमडत बसली होतीस. शेवटी म्हणालीस, "बरं. तुला त्यातलं जास्त कळतं." हे वाक्य मी तेव्हा कौतुक म्हणून घेतलं. आज ते आठवलं की हातातलं काम थांबतं.

पंधरा दिवसांत तू नवी पानं लिहून आणलीस. गोदीच्या तळहातावर चांदणी आली. बसकरपट्टी तिला उचलून जमिनीखालच्या एका नगरात घेऊन गेली, तिथली राणी म्हणाली, तू माझीच हरवलेली लेक. जुन्या पानांवर तू पेन्सिलने आडवी रेघ मारलीस, तीही इतकी हलकी की खालचं सगळं वाचता यावं. मी खूश झाले. मीच सगळं सुवाच्य उतरवून एका प्रकाशनाकडे पाठवलं, पत्ताही माझाच दिला.

त्यांचं उत्तर चार महिन्यांनी आलं. मंगल, आता ऐक. त्यांनी लिहिलं होतं की शाळेतली सुरुवातीची पानं त्यांना फार आवडली, असं त्यांनी आधी वाचलं नव्हतं. राणीच्या मुलीचा भाग मात्र पुष्कळदा वाचल्यासारखा वाटतो. हजेरीच्या त्या मुलांचं पुढे काय झालं ते लेखिकेने लिहिलं, तर पुन्हा जरूर पाठवावं.

पुढे काय झालं ते तू लिहून ठेवलेलंच होतं. रेघेखाली होतं. मला फक्त तुला फोन करून एवढंच सांगायचं होतं की तुझं बरोबर होतं. मी फोन केला आणि म्हटलं, "नाही जमलं गं. पानं जास्त होतात म्हणतात." मनात म्हटलं, दिवाळीत भेटली की नीट सांगू. दिवाळीत तू आलीस, चकल्या घेऊन आलीस, आणि इतकी आनंदात होतीस की मला वाटलं आता कशाला. नंतर जितके दिवस जात गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. पत्राबद्दल नंतर सांगायचं तर ते इतके दिवस का लपवलं तेही सांगावं लागलं असतं. तू मात्र त्यानंतर काही लिहिलं नाहीस. एकदा मीच शहाजोगपणे विचारलं, काही नवीन? तू म्हणालीस, "लेकरांना सांगते की तोंडानं. त्यांना चालतंय."

आणि तू जायच्या आठ दिवस आधीचा तो फोन. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, थंडी, तुझा गुडघा. मध्येच तू म्हणालीस, "उषे, त्या लोकांनी नेमकं काय लिवलं होतं गं? कागद हाय का अजून?" मी पत्र ठेवलेल्या कपाटासमोरच उभी होते. मी म्हटलं, "अगं किती जुनं झालं ते. सापडत नाही आता." तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे मग. उगं आठवलं." तुला संशय आला होता का? मला माफ करायची एक संधी देत होतीस का? की खरंच उगीच आठवलं होतं? हे मी रोज स्वतःला विचारते आणि रोज वेगळं उत्तर देते.

तेराव्याला तुझे मोठे भाऊ, दत्ताभाऊ, भेटले. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. मी गोदीच्या गोष्टीचं बोलले तर ते म्हणाले, "ती तिचीच की ओ. मंगल दुसरीत होती. आम्ही पाडव्याला आलो तर हिचं नाव पटावरून काढल्यालं. गुरुजी म्हनले पुढल्या साली या. ही रोज जाऊन खिडकीखाली बसायची, भाईर. महिनाभर. मग आतल्या एका पोरीनं हात धरून आत नेलं आन् सरकून जागा दिली. गुरुजी बी काय बोलले न्हाईत." भाऊंना वाटत होतं हे मला ठाऊकच असणार. तीस वर्षांची मैत्रीण होते ना मी. मी मान हलवली.

मग एका सोमवारी वही घेऊन तुझ्या शाळेत गेले. तुझ्या वर्गावर आलेले नवे सर अगदी तरुण आहेत, तुझ्या खुर्चीवर अजून बसत नाहीत, टेबलाला टेकून उभे राहतात. मी म्हटलं, मुलांना त्यांच्या बाईंची एक गोष्ट वाचून दाखवायची आहे. पेन्सिलची रेघ होती तीच पानं मी उघडली. दोन पानं वाचली असतील, मुलं चुळबुळायला लागली. "मॅडम, असं न्हाई. पट्टी साखर कारखान्याच्या म्होरून जाती. तिथं रखवालदार अडवतो." दुसरा म्हणाला, "आन् पुलावर तिला गाठ पडती, मग ती सगळे मिळून सोडवतेत." नऊ वर्षांत तू गोष्ट कुठल्या कुठे नेली होतीस. गोष्टीत कधी राणी होती, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मी वाचायचं थांबवलं आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर ते सांगतील तसं उतरवत गेले. दुपारच्या सुट्टीपर्यंत अकरा पानं झाली आणि गोदी अजून फडातच होती.

खिचडी खाताना दोन वेण्यांची एक मुलगी माझ्या जवळ येऊन बसली. तिने विचारलं, "मॅडम, बाईंचं पुस्तक कामून निघालं न्हाई?"

मी म्हटलं, "माझ्यामुळे. मी त्यांचा शेवट बदलायला लावला. आणि लोकांना पहिलाच आवडला होता, ते त्यांना सांगितलं नाही."

मंगल, हे मी पहिल्यांदा कुणापाशी बोलले, आणि ते तुझ्यापाशी बोलायचं होतं. मुलीने घास संपवला. ताटली चाटून पुसून स्वच्छ केली. "मग आता सांगा की," असं म्हणून हात धुवायला निघून गेली. तिच्या दृष्टीने ते तेवढं सोपं होतं, आणि सव्वा महिन्यापूर्वी माझ्यासाठीही तेवढंच सोपं होतं.

सुट्टीनंतर दुसरी हजेरी झाली. मी सकाळपासून दुसऱ्या एका खुर्चीवर बसून लिहीत होते, पाठ आखडली होती, म्हणून मागे भिंतीशी उभी राहिले. दोन वेण्यांच्या मुलीने बसकरपट्टीवर सरकून माझ्यासाठी जागा केली. मी बसले. तिच्या आणि माझ्या मध्ये तिने एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडली होती. मला वाटलं उसाला गेलेल्या कुणाची असेल. सर नावं घेत होते, मुलं उत्तर देत होती, सात जणांना "जागा हाय" झालं. सरांनी वही मिटली तशी मुलं एका आवाजात म्हणाली, "बाईंचं ऱ्हायलं."

सर माझ्याकडे पाहून ओशाळले. "रोजचंच आहे मॅडम. ऐकतच नाहीत." मग त्यांनी वही न उघडताच हाक दिली, "मंगल बाई."

या नावाला उत्तर द्यायची रोज कुणाची तरी पाळी असते म्हणे. दोन वेण्यांच्या मुलीने त्या मोकळ्या जागेवरून हात लांब करून मला हलवलं. "आज तुम्ही म्हना."

माझ्या मांडीवर तुझी वही होती आणि वहीच्या कव्हरमध्ये ते पत्र. मी म्हटलं. इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नाही.

"सरांना ऐकू गेलं न्हाई," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हना. न्हाई तर पट्टी माघारी जाती."

मग मी मोठ्याने म्हटलं, मंगल. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. जागा हाय.